पहिल्यांदा ट्रॅव्हल ट्रेड शोला जाताय? आधी माझ्या सहा हजारांचा हिशेब वाचा



मागच्या महिन्यात मोहर्लीच्या एका रिसॉर्टच्या बाहेर चहा पीत होतो. एक तरुण गाइड जवळ आला. म्हणाला, "सर, मी अन् माझा मित्र मुंबईच्या आंतरराष्ट्रीय ट्रॅव्हल मार्टला जाऊन राहिलो. फॉरेनचे क्लायंट पकडतो आता. काही टिप द्या ना."

मी त्याला एकच विचारलं, "तुझा नेट रेट काय आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला त्याचं हसू आलं नाही. कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच प्रश्न मला मुंबईत कुणीतरी विचारला होता, आणि माझंही तोंड असंच झालं होतं. मी बीबीए झालेला माणूस, चंद्रपुरात दुकान चालवणारा, आणि तुम्हाला दर आठवड्याला कॉस्टिंग शिकवणारा! म्हणून हा लेख. व्हिडिओत सगळं सांगता आलं नव्हतं, थोडी लाजही वाटत होती. आता सांगतो.

आम्ही कोण, आणि कशाला गेलो होतो

तुम्हाला माहीतच आहे, माझं दुकान बांबूच्या वस्तूंचं आणि सफारीच्या सामानाचं. टोप्या, जॅकेट, दुर्बिणी, बांबूचे पेनस्टँड आणि दिवे. माझं गिऱ्हाईक म्हणजे ताडोब्याला येणारा पर्यटक. पर्यटक आला तर माझं शटर उघडून उपयोग.

ताडोब्याजवळच्या एका गावात आमच्या ओळखीची एक ताई आहे. चार खोल्यांचा होमस्टे चालवते, त्यावर बँकेचं कर्ज आहे. आणि एक भाऊ आहे, त्याची स्वतःची जिप्सी आहे. आम्ही तिघांनी १२-१२ हजार काढले, एकूण ३६ हजार. मुंबईला मी आणि जिप्सीवाला भाऊ जाणार, ताई घर सांभाळणार. निघताना ताईनं डब्यात दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "दादा, मोठं काही नको. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात, तेवढ्या भरल्या तरी पुरे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी मुंबईत नेमकं हेच विसरलो.

पहिली चूक: शो कोणत्या दिशेचा आहे, हेच पाहिलं नाही

चंद्रपूरहून बसनं नागपूर, तिथून रात्रीची दुरांतो, सकाळी सीएसएमटी. शो होता ओटीएम, ८ ते १० फेब्रुवारी, बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर. आत पाय ठेवला आणि दोघंही गार! एकेका देशाचं पॅव्हेलियन आपल्या गावच्या समाजमंदिराएवढं. कुठं नाच चालू, कुठं कॉफी, सगळे कोटात. भाऊ हळूच म्हणाला, "काहो, आपण चुकीच्या लग्नात तर नाही आलो?"

खरं सांगू? तो बरोबर बोलला होता.

ओटीएम म्हणजे आउटबाउंड ट्रॅव्हल मार्ट. आउटबाउंड म्हणजे भारतातला प्रवासी बाहेर पाठवणं. तिथं आलेले बहुतेक परदेशी लोक आपल्याकडून काही विकत घ्यायला आलेले नव्हते. ते त्यांचा देश आपल्याला विकायला आले होते! मी ताडोबा विकायला गेलो, आणि दुपारपर्यंत माझ्याच पिशवीत आठ देशांची माहितीपत्रकं जमा झाली.

म्हणून पहिला नियम. शोच्या नावापुढे "आंतरराष्ट्रीय" लिहिलंय म्हणून जाऊ नका. तिथं विकणारा कोण आणि घेणारा कोण, ते आधी बघा.

- आउटबाउंड शो: परदेश आणि इतर राज्यं भारतीय एजंटांना विकतात. इथं तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पुणे, मुंबई, सुरत, बंगळुरूचा एजंट. परदेशी माणूस नव्हे. ओटीएमला देशांतर्गत पर्यटनाचे स्टॉलही असतात, त्यामुळे आपल्यासाठी ते वाया नाही. फक्त कुणाला भेटायचं ते ठरवून जा.
- इनबाउंड शो: परदेशी टूर ऑपरेटर घेणारे, भारतीय विकणारे. जयपूरचा ग्रेट इंडियन ट्रॅव्हल बाजार या प्रकारचा.
- दोन्हीकडचा: दिल्लीचा सॅट्टे.
- परदेशातले मोठे शो: मार्चमध्ये आयटीबी बर्लिन, नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूटीएम लंडन. इथं भारतातले मोठे ऑपरेटर आणि राज्यांची पर्यटन खाती जातात.

बर्लिनचं नाव ऐकून घाबरू नका. १९६६ मध्ये तो शो सुरू झाला तेव्हा पाच देशांचे मिळून फक्त नऊ स्टॉल होते. जगातला सगळ्यात मोठा ट्रॅव्हल शोसुद्धा आपल्या शनिवारच्या बाजारापेक्षा लहान असा सुरू झाला होता. पण तुमची पहिली पायरी बर्लिन नाही, एवढंही समजून घ्या.

दुसरी चूक: ५०० ब्रोशर

३६ हजारांचा हिशेब असा होता. दोघांचं जाणं-येणं ८ हजार, तीन रात्री लॉज ९ हजार, जेवण आणि टॅक्सी ६ हजार, ब्रोशर ९ हजार, कार्ड आणि किरकोळ ४ हजार. म्हणजे पाव पैसा कागदात गेला.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक स्टॉलवर जाऊन ब्रोशर वाटत सुटलो. दोन-तीन ठिकाणी लोक तुटक वागले, तेव्हा वाईट वाटलं. नंतर कळलं की चूक माझीच. स्टॉलवाला त्या चार चौरस मीटरसाठी मोठं भाडं भरतो. तो तिथं विकायला उभा असतो. व्हिजिटर पास घेऊन आलेला माणूस त्याच्याच काउंटरवर स्वतःचा माल विकायला लागला तर त्याला राग येणारच. बऱ्याच शोमध्ये हे नियमातही बसत नाही. तुमच्या दुकानात येऊन कुणी तुमच्याच गिऱ्हाइकाला माल दाखवला तर कसं वाटेल? तसंच.

संध्याकाळी बाहेर पडताना कचऱ्याच्या डब्यात आमचा वाघ दिसला. माझ्याच ब्रोशरवरचा. भाऊनं दोन ब्रोशर उचलली, पुसली आणि पिशवीत ठेवली. काही बोलला नाही.

तिसरी चूक, जी महागात पडली

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत पुण्याच्या एक एजंट बाई भेटल्या. पंचवीस वर्षं या धंद्यात. चंद्रपूर ऐकून म्हणाल्या, "माझ्याकडे दिवाळीला ताडोब्याचे फॅमिली ग्रुप असतात. तुमचा नेट रेट सांगा."

मी म्हणालो, "मॅडम, ३००० रुपये खोली, दोन माणसं, जेवणासकट."

"हा रॅक रेट झाला. नेट किती?"

आता इथं थांबून समजून घ्या. रॅक रेट म्हणजे गिऱ्हाईक थेट आलं तर त्याला सांगायचा भाव. नेट रेट म्हणजे एजंटनं तुम्हाला द्यायचे पैसे. मधला फरक एजंटची कमाई. आपल्या किराणा दुकानात एमआरपी आणि खरेदी भाव असतो ना, तेच.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण "माहीत नाही" म्हणायची लाज वाटली. छाती फुगवून बोललो, "तुमच्यासाठी तीस टक्के कमी. आणि चंद्रपूर स्टेशनवरून नेणं-आणणं फ्री!" त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो बाप्पा!

दिवाळीत त्यांचे तीन ग्रुप आले. बाईंनी शब्द पाळला, पैसे वेळेवर दिले. त्यांची काहीच चूक नाही. आता एका ग्रुपचा हिशेब बघा:

- ४ खोल्या, २ रात्री, म्हणजे ८ रूम-नाइट
- मिळाले: २१०० × ८ = १६,८०० रुपये
- ताईचा खर्च, म्हणजे किराणा, गॅस, धुणं, वीज, मदतनीस बाईची मजुरी धरून: १९०० × ८ = १५,२०० रुपये
- उरले: १,६०० रुपये
- दोन गाड्या, आणणं आणि सोडणं, ९०० रुपये फेरी: ३,६०० रुपये
- तोटा: २,००० रुपये

तीन ग्रुपचे सहा हजार. त्यात कर्जाचा हप्ता धरलेलाच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दिवाळीत त्या खोल्या तशाही ३००० ला भरल्याच असत्या! ताईनं मागितलं होतं सोमवार ते गुरुवार. मी विकून आलो दिवाळी.

भाऊबीज झाल्यावर तिच्याकडे गेलो. तिनं चहा दिला आणि वही समोर ठेवली. शाळेची दोनशे पानी वही, त्यात कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळं लिहिलेलं. म्हणाली, "दादा, तुम्ही शिकवता ना हिशेब? मग मला सांगा, माझं कुठं चुकलं?"

तिचं कुठंच चुकलं नव्हतं. सहा हजार मी माझ्या खिशातून दिले. ती घेत नव्हती. मी म्हणालो, ही माझी ट्यूशन फी समज.

मग तिच्याच वहीवरून आम्ही नवा रेट बसवला. खर्च १९००, ताईचा नफा ५००, नेट २४००. रॅक ३०००. म्हणजे एजंटला वीस टक्के. गाडीचे पैसे वेगळे. दिवाळी, नाताळ आणि लाँग वीकेंडला सूट नाही. सोमवार ते गुरुवार तीन रात्रींवर एक जेवण आमच्याकडून. पुण्याच्या बाईंना मी फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्या दिवशीच विचारायचं ना! तोट्यातला सप्लायर मला नकोच असतो. दुसऱ्या वर्षी तो फोन उचलत नाही."

"तिथं वाघ माणसं मारतात का?"

तिसऱ्या दिवशी एका परदेशी टूर ऑपरेटरशी दहा मिनिटं बोलणं झालं. तोडकंमोडकं इंग्रजी, पण झालं. त्यानं विचारलेले प्रश्न तुमच्याही कामाचे आहेत.

"वाघ दिसेल याची गॅरंटी?" भाऊ पटकन म्हणणार होता, शंभर टक्के! मी त्याचा हात दाबला. गॅरंटी दिली की ड्रायव्हरवर दबाव येतो, आणि दबाव आला की गाड्या वाघाच्या वाटेत घुसतात. पुढे २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी घेरलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. "किमान चार सफारी ठेवा, दिसण्याची शक्यता चांगली आहे" एवढंच बोला.

"पुढच्या वर्षीचा रेट आज द्याल का?" परदेशी ऑपरेटर वर्ष-दीड वर्ष आधी रेट छापतात. आपलं सफारी बुकिंग एवढं आधी उघडत नाही, आणि प्रवेश शुल्क ठरवणं आपल्या हातात नाही. म्हणून राहणं-जेवण-गाडीचा रेट पक्का द्या आणि गेट, जिप्सी, गाइडचे पैसे "बुकिंगच्या दिवशी असतील ते" असं वेगळं लिहा. एकत्र पॅकेज करून भाव दिलात आणि शुल्क वाढलं, तर फरक तुमच्या खिशातून.

"कोणता महिना?" कोअर भाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो. मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे वाघ पाणवठ्यावर, पण चंद्रपूरचं ४५ अंशाचं ऊन युरोपच्या आजी-आजोबांना झेपणार नाही. त्यांना नोव्हेंबर ते मार्च सांगा. म्हणजे आपल्या उन्हाळी गर्दीशी टक्करही नाही, आणि मधल्या वारांच्या रिकाम्या खोल्या भरतात. ताईनं जे मागितलं होतं, ते इथं होतं!

"तिथं वाघ माणसं मारतात, असं वाचलं. खरं का?"

या प्रश्नावर आम्ही दोघंही गप्प झालो. ताईच्या शेजारच्या गावातून आदल्या उन्हाळ्यात एक माणूस मोहफुलं वेचायला गेला होता, तो परत आला नाही. भाऊ त्याच्या तेरवीला जाऊन आला होता. विक्रीच्या टेबलावर हे कसं सांगायचं?

भाऊच बोलला, मराठीत. मी इंग्रजी केलं. "हो, खरं आहे. आमच्याकडे दर वर्षी माणसं जातात. मोह, तेंदू, सरपण, गुरं, यासाठी पायी जंगलात जाणारी आमची माणसं. पर्यटक गाडीत असतो, त्याचं तसं नाही. पण वाघ बघायला याल तेव्हा या गावांना त्यातून दोन पैसे मिळाले पाहिजेत. म्हणून आमच्या ताईच्या घरी राहा."

त्या माणसानं पेन खाली ठेवला आणि पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघितलं. मी याला सेल्स पिच म्हणून शिकवणार नाही. पण खोटं बोललो असतो तर त्यानं ते दोन मिनिटांत मोबाइलवर शोधलं असतं, हे नक्की.

गडचिरोली विकताना जरा दमानं

गडचिरोलीचे बरेच जण मला मेसेज करतात, आमच्याकडे काय आहे म्हणून. अहो, काय नाही? वैनगंगेकाठचं मार्कंडा, जिथं नदी उत्तरेकडे वळते आणि दगडात कोरलेली मंदिरं आहेत. कमलापूरचा हत्ती कॅम्प. सिरोंच्याकडे वडधमचे डायनासोरच्या काळातले जीवाश्म. १९७३ पासून चालू असलेला हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प. भामरागडला तीन नद्यांचा संगम.

पण दोन गोष्टी. एक, अंतरं खरी सांगा. चंद्रपूरहून मार्कंडा एका दिवसात जाऊन येता येतं, भामरागड नाही. "जवळच आहे" म्हणाल आणि पाहुणा सहा तास गाडीत बसला की संपलं. सुरक्षेचा प्रश्न येणारच, तेव्हा सध्याची परिस्थिती स्थानिक पोलिसांना विचारूनच उत्तर द्या.

दोन, "आदिवासी व्हिलेज टूर" असं ब्रोशरवर छापू नका. ती माणसं तुमचा प्रॉडक्ट नाहीत. याच जिल्ह्यातलं मेंढा-लेखा सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं पहिलं गाव, २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. ज्या गावाला नेणार, त्या ग्रामसभेला आधी विचारा. किती लोक, कोणत्या दिवशी, गावाला किती पैसे, फोटो काढायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मग एजंटला सांगायचं.

शेवटी हाती काय लागलं?

तीन दिवसांत ६४ कार्डं जमली. घरी येऊन तीन गठ्ठे केले: ताडोब्याचं काम करणारे, करू शकणारे, आणि नुसतेच कार्ड देणारे. पहिल्या दोन गठ्ठ्यांतल्या २८ जणांना मेसेज केले. उत्तरं आली नऊ. काम सुरू झालं तिघांशी: पुण्याच्या बाई, सुरतचा एक एजंट, बंगळुरूचा फोटोग्राफरचा ग्रुप नेणारा. तो परदेशी माणूस? अकरा महिन्यांनी त्याचा ईमेल आला, आणि दोन वयस्क जोडपी ताईकडे तीन रात्री राहिली. मंगळवारी धरून! सफारीला सुट्टी म्हणून ताईनं त्यांना सकाळी भाजीबाजारात नेलं आणि दुपारी चुलीवर भाकरी थापायला बसवलं. जाताना माझ्या दुकानातून बांबूचे सहा दिवे घेऊन गेले.

६४ मधले चार. हा काही जोरदार आकडा नाही. पण चौघंही परत विचारणा करतात, आणि ताईच्या मधल्या वारांच्या खोल्या आता निम्म्या तरी भरतात.

जाण्याआधीची यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. व्हिजिटर म्हणून जा, बघा, शिका.
२. शोच्या साइटवर सहभागी कंपन्यांची यादी असते. त्यातून वीस नावं निवडा आणि आधीच वेळ मागा.
३. एका पानाचा रेट चार्ट: रॅक, नेट, सीझन, मुलांचा भाव, कॅन्सलेशन, जीएसटी धरून की वेगळा. खर्च वहीतून काढा, डोक्यातून नाही.
४. एक पानी माहिती: नागपूर विमानतळ आणि चंद्रपूर स्टेशनपासून किती तास, खोल्या किती, कमोड आहे का, गरम पाणी, शाकाहारी जेवण, जवळचं गेट कोणतं.
५. ब्रोशर ५० पुरे. तिसऱ्या दिवशी मी क्यूआर कोड चिकटवलेल्या बांबूच्या बुकमार्क वाटल्या, ४० होत्या. त्यातली एकही डब्यात दिसली नाही.
६. जागेवर सूट देऊ नका. "उद्या सकाळी लेखी पाठवतो" म्हणा. हे वाक्य माझे सहा हजार वाचवू शकलं असतं.
७. दोन दिवसांत मेसेज करा. त्यात भेट कुठं झाली ते लिहा, नाहीतर समोरच्याला तुम्ही आठवत नाही.
८. उद्यम नोंदणी करून ठेवा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. लघुउद्योगांना प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भाड्यासाठी केंद्राची मदत योजना आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना त्यात जास्त सवलत. तुमच्या शोला ती लागू होते का, हे पैसे भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. नंतर नाही.

तो मोहर्लीचा गाइड? त्याला मी म्हणालो, तिकीट काढ, जरूर जा. पण जायच्या आधी एक दिवस ताईकडे बस आणि तिची वही बघ. तो गेला. ताईनं त्याला कोथिंबिरीपासून सुरुवात करायला लावली म्हणे.

तुमचंही तेच काम या आठवड्याचं. होमस्टे असो, जिप्सी असो की माझ्यासारखं दुकान, एका गिऱ्हाइकामागे खरा खर्च किती, तो वहीत काढा. मग नेट रेट ठरवा. अडलं तर विचारा, मी आहे. आणि लाज वाटून घेऊ नका, ती मी तुमच्या वाटणीचीही घेऊन झालो आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!